तरुणपणीचे जू, अथवा नव्या चालकास मर्यादा का असावी?

ज्याच्या हाती नुकतेच बळ आले आहे, त्याच्या बळास मर्यादा घालणे न्याय्य आहे काय? आणि ती मर्यादा जेथे कायद्याने घातलेली नाही, अथवा घातलेली असूनही पाहणारा कोणी नाही, तेथे ख्रिस्ती मनुष्याने ती आपण होऊन पाळावी काय? हे प्रश्न विद्वानांच्या सभेतले वाटतील. परंतु आपल्या अहेरी तालुक्यातील खेड्यापाड्यांत ते रोज रस्त्यावर उभे आहेत. धान विकून, तेंदूपत्त्याच्या हंगामातील मजुरी साठवून, किंवा हप्ते बांधून घरी फटफटी येते. मुलगा अठरा वर्षांचा होतो, परवाना काढतो, आणि महिना लोटतो न लोटतो तोच त्या गाडीचे रूप पालटू लागते. कारखान्याने बसविलेला सायलेन्सर निघून त्या जागी गर्जणारी नळी बसते. बाजूचे आरसे उतरतात. मागचे मडगार्ड कापले जाते. पुढे डोळे दिपविणारे पांढरे दिवे चढतात. सरकार म्हणते, असे करू नको. मुलगा म्हणतो, गाडी माझी आहे. बाप गप्प राहतो. आणि मंडळीतील वडील म्हणतात, हा पोलिसांचा विषय आहे, धर्माचा नव्हे. आमचे नम्र मत असे आहे की, हा धर्माचाच विषय आहे. आणि तो कसा, हे ह्या लेखात क्रमाने दाखविण्याचा यत्न करू.

प्रथम कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्यावे, कारण पुष्कळांस तो केवळ ऐकून माहीत असतो. आपल्या देशातील चालू मोटार वाहन कायदा सन १९८८ चा आहे. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, गाडी बनविणाऱ्याने मूळ जी माहिती दिली व जी नोंदणीपत्रात लिहिली आहे, तिच्याशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. फेरफार म्हणजे गाडीच्या बांधणीत असा बदल की ज्यामुळे तिचे मूळ स्वरूपच बदलते. केरळातील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठाम केला व मूळ नमुन्याशी विसंगत अशी गाडी चालणार नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढली. परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी ती तरतूद आहे. आवाजाची व धुराची ठरलेली मर्यादा ओलांडणाऱ्यास तर पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तीन महिने परवाना बाळगण्यास तो अपात्र ठरतो.

नव्या चालकासाठीही काही पायऱ्या आहेत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून गाडी चालविता येत नाही; केवळ गिअर नसलेली व ५० घन सेंटिमीटरांपर्यंतच्या यंत्राची दुचाकी सोळाव्या वर्षापासून चालविता येते, आणि तीही पालकाच्या लेखी संमतीने. आरंभी शिकाऊ परवाना मिळतो. त्याची मुदत सहा महिने. तो हाती आल्यापासून तीस दिवस गेल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. शिकणाऱ्याने गाडीवर पांढऱ्या पाटीवर तांबडे एल अक्षर लावावे व परवानाधारक शिक्षक बरोबर घ्यावा, असा नियम आहे.

एवढे वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येईल. आपल्या देशात गाडीत फेरफार करण्याची मनाई सर्वांस सारखी आहे. पक्का परवाना हाती पडला की काल शिकलेला मुलगा व वीस वर्षे गाडी हाकलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने बहुतेक एकाच पंक्तीस बसतात. सगळीकडे असे नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स ह्या प्रांतांत नव्या मोटारचालकास आरंभीची काही वर्षे गाडीवर तांबडी व नंतर हिरवी अशी 'पी' अक्षराची पाटी लावावी लागते. आणि त्या काळात त्याला अति बलवान मोटार चालविता येत नाही. गाडीच्या प्रत्येक टन वजनामागे १३० किलोवॅटपेक्षा अधिक शक्ती असू नये, अशी ती सीमा आहे. आणि शक्ती वाढविण्याकरिता ज्या मोटारीचे यंत्र बदलले आहे, तीही त्याला वर्ज्य आहे. मात्र नोकरीसारख्या खऱ्या अडचणीत अर्ज करून सूट मागता येते. युरोपातील राष्ट्रांत दुचाकीच्या परवान्यासच पायऱ्या आहेत. मधल्या पायरीवरील चालकास ३५ किलोवॅटपर्यंतचीच दुचाकी मिळते. आणि मोठी गाडी यंत्र आवळून लहान करून घेतली, तरी तिची मूळ शक्ती ह्या पायरीच्या गाडीच्या दुपटीहून अधिक असू नये, असेही तेथे लिहिले आहे. नियम करणाऱ्यांस ठाऊक होते की, जे आवळले ते गुपचूप सैल करण्याचा मोह तरुणास होतो.

आता प्रश्न असा की, गाडी मूळ नमुन्याप्रमाणेच असावी, असा आग्रह का? ह्याचे उत्तर प्रत्येक शेतकऱ्यास आपल्या बंडीवरून कळेल. ज्या बंडीचा आस व चाके दहा मण भाराकरिता घडविली, तिच्यावर वीस मण लादले, तर घरच्या अंगणात काही होणार नाही, उतारावर होईल. मोटारगाडीत व फटफटीत यंत्राचे बळ, ब्रेकची पकड, चाकांची रुंदी व चौकटीचा सांधा ह्यांची एकमेकांशी सांगड घातलेली असते. त्यातील एकच अंग बदलले की इतरांवर त्याचा भार पडतो. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक धरल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, सुमारे चौपट होते. हा सृष्टिनियम आहे, आणि मिस्त्रीच्या पान्याने तो बदलत नाही. यंत्राचे बळ वाढविणारा मुलगा बहुधा ब्रेकचे बळ वाढवीत नाही.

सायलेन्सरचेही असेच. त्याच्या पोटात आडपडदे व छिद्रे असतात. यंत्रातून सुटणारा वायू त्यांतून वळसे घेत बाहेर पडतो, म्हणून आवाज मंदावतो. १७५ घन सेंटिमीटरांहून मोठ्या यंत्राच्या दुचाकीस नियमाने ८० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. आडपडदे काढून टाकले की गाडीचे बळ फारसे वाढत नाही, आवाज मात्र रानभर जातो. जंगलातील रस्त्यावर त्या आवाजाने बैल बुजतात. बंडीवर बसलेली म्हातारी व लेकुरवाळी बाई कोठे पडतील ह्याचा नेम नसतो. आणि अति पांढऱ्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर पडला, म्हणजे काही क्षण तो अंधळाच होतो. त्याच क्षणी रस्त्यात दिवा नसलेली बंडी असते, म्हशी असतात, बाजार करून पायी घरी जाणारी माणसे असतात.

सन २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारच्या अहवालात नमूद आहे. त्यांपैकी शंभरात सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. हे सर्व मृत्यू फेरफारामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. परंतु रस्ता हे किती नाजूक स्थान आहे, हे ह्या संख्यांवरून कळते. शिवाय आपला भाग दूरचा आहे. अहेरीस उपजिल्हा रुग्णालय आहे. पण डोक्यास जबर मार लागलेल्यास गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठावे लागते, आणि वाटेतील प्रत्येक घटका मोलाची असते. म्हणून जी चूक मोठ्या शहरात हातपाय मोडण्यावर निभावते, ती आपल्याकडे जीव घेऊ शकते.

येथवर जे सांगितले ते व्यवहारज्ञान झाले. आता न्यायाचा विचार करू. मर्यादेविरुद्ध चार आक्षेप ऐकू येतात. त्यांतील एकही हसून सोडून देण्याजोगा नाही.

पहिला आक्षेप : गाडी माझी, पैसा माझा, मग दुसऱ्याने बोलावे का? ह्याला पवित्र शास्त्रात फार जुने उत्तर आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात देव इस्राएल लोकांस आज्ञा करितो की, नवे घर बांधणाराने आपल्या धाब्यास कठडा करावा, नाही तर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल. घर त्याचेच, धाबे त्याचेच, विटाही त्याच्याच पैशाच्या. तथापि पडणारा मनुष्य त्याच्या मालकीचा नाही. जी वस्तू केवळ आपल्या उपयोगाची आहे, तिच्याविषयी मनुष्य बराच स्वतंत्र आहे. ज्या वस्तूच्या वाटेत शेजारी येतो, तिच्यावर शेजाऱ्याचाही हक्क पोहोचतो. गाडी आपली असली तरी रस्ता सर्वांचा आहे, आणि समोरून येणारा अनोळखी मनुष्य एका मुक्या भरवशावर चालत असतो. ही गाडी थांबायची तेथे थांबेल, तिचा दिवा मला अंधळा करणार नाही, असे तो मानून चालतो. नोंदणीपत्र म्हणजे त्या अनोळखी मनुष्यास दिलेले लेखी वचनच होय. गाडी गुपचूप बदलणे म्हणजे ते वचन त्याला न कळविता मोडणे. आठव्या आज्ञेने चोरी व नवव्या आज्ञेने खोटी साक्ष वर्ज्य केली आहे. हे वर्तन त्या दोहोंच्या शेजारचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : मी सावध आहे, दुसरे मुलगे उधळपणा करितात म्हणून माझ्या हातास दोरी का? हा प्रश्न खरोखर न्यायाचा आहे, कारण एकाच्या पापासाठी दुसऱ्यास दंड करणे देवासही आवडत नाही. परंतु मर्यादा म्हणजे दंड नव्हे. नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीस घालतात, आरंभी रिकामी बंडी ओढावयास देतात, चढउताराच्या वाटेने नेत नाहीत. त्या गोऱ्ह्याने काही अपराध केला म्हणून नव्हे. वाघाचा वास आला, ओढ्यास पूर आला, तर तो कसा वागेल हे मालकास ठाऊक नाही, आणि गोऱ्ह्यासही नाही. तसेच ह्या मुलाचे आहे. तो आपणास सावध म्हणतो ते प्रामाणिकपणे म्हणतो. परंतु अंधारात आडवी म्हैस आल्यावर आपला हात ब्रेकवर जाईल की थिजेल, हे त्याने अजून पाहिलेले नाही. सावधपणा हा मनाचा गुण आहे, पण अनुभव हा हाताचा गुण आहे. आणि हाताचा गुण काळावाचून येत नाही.

ह्या बाबतीत दावीदाचे उदाहरण मननीय आहे. शौलाने त्याच्या अंगावर आपले चिलखत चढविले, डोक्यावर पितळी टोप घातला, कमरेस तरवार बांधली. राजाचीच सामग्री ती. कोणता तरुण तिला नाही म्हणेल? पण दावीदाने चालून पाहिले आणि आपणास ह्याचा सराव नाही म्हणून ती सर्व उतरून ठेवली. तो भित्रा नव्हता, हे पुढच्याच घटकेस गल्याथाला कळले. आपल्या अंगवळणी काय पडले आहे व काय नाही, हे ओळखणे हा शौर्याचाच भाग आहे.

तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नव्यावरील मर्यादा न्याय्य राहावी म्हणून तिला दोन अटी आहेत. ती काही काळापुरती असावी. कारण जिला शेवट नाही अशी मर्यादा शिकविणारी नव्हे, दडपणारी असते. आणि जी सर्वांची मर्यादा आहे, ती वडिलांनीही पाळावी. स्वतः टोपावाचून, फटफटीवर तिघांस बसवून बाजारास जाणाऱ्या बापाचा उपदेश मुलाच्या कानावरून वाऱ्यासारखा जातो, आणि त्यात मुलाचा दोष थोडाच असतो.

तिसरा आक्षेप गरिबाचा आहे : आम्ही शोभेसाठी नव्हे, पोटासाठी गाडी बदलतो. मोहाची पोती, दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या वाहण्यास कोणी मागे लोखंडी चौकट जोडून घेतो. ह्यास आम्ही पहिल्या दोहोंच्या पंक्तीस बसविणार नाही. जो भाकरीसाठी वाकतो आणि जो मिरविण्यासाठी वाकतो, त्यांच्या मनांत अंतर आहे, आणि देव मन पाहतो. परंतु चौकटीचे पसरलेले टोक पायी चालणाऱ्यास लागले, तर जखम सारखीच होते. म्हणून गरजवंताने कोणता बदल चालतो व कोणता चालत नाही हे परिवहन कचेरीत विचारून घ्यावे. आणि मंडळीने त्याला एकटे सोडू नये. चार घरांनी मिळून मालवाहू गाडी भाड्याने केली, तर एकाच्या फटफटीवर चौघांचे ओझे पडत नाही. येथे कायद्याची एक बाजू सांगण्यासारखी आहे. अपंग मनुष्यास चालविता यावी म्हणून गाडीत योग्य बदल करून घेण्यास, शर्ती पाळून, कायद्यानेच वाट ठेवली आहे. म्हणजे फेरफार तेवढा वाईट, असे कायद्याचे म्हणणे नाही. ज्या बदलाने दुर्बळास बळ मिळते, त्याला दार उघडे आहे. ज्या बदलाने बळवंत अधिक बेफाम होतो, त्याला ते बंद आहे. सुवार्तेचा न्याय ह्याहून फार वेगळा नाही.

चौथा आक्षेप कडवट आहे : मोठ्यांस कोण धरतो? आणि आमच्या रानात पाहतो कोण? जिल्ह्याची परिवहन कचेरी गडचिरोलीस, अहेरीपासून शंभराहून अधिक किलोमीटरांवर. इकडे गेल्या काही वर्षांत सुरजागडच्या पहाडातील लोहखनिज वाहणाऱ्या अवजड ट्रकांची वर्दळ आलापल्लीच्या रस्त्याने झाली. त्यांच्या पुढे आमची फटफटी ती काय? ह्या बोलण्यात दुःख आहे, आणि त्याला तुच्छ लेखू नये. बळवंताचे वाहन असो की दुर्बळाचे, कायदा एकच असावा, अशी मागणी करणे हा ख्रिस्ती नागरिकाचा हक्कच नव्हे तर कर्तव्य आहे. पण दुसरा मोडतो म्हणून मी मोडतो, असे म्हणणारा ती मागणी कोणत्या तोंडाने करणार? आणि पाहणारा नाही, ह्याविषयी प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की, अधिकाऱ्याच्या अधीन असणे ते केवळ शिक्षेच्या भयाने नव्हे, तर विवेकाकरिताही असावे. पोलिसांचा नाका जेथे संपतो, तेथूनच खरे पाहता विवेकाचे राज्य सुरू होते. नागपूर, पुणे अशा शहरांत पोलिसांनी गर्जणाऱ्या नळ्या जप्त करून रस्त्यावर ओळीने मांडल्या व त्यांच्यावरून रोडरोलर फिरविला, असे वेळोवेळी घडले आहे. लोखंड चिरडले जाते खरे. परंतु ती नळी हवीशी वाटणारे मन रोडरोलरखाली येत नाही. त्या मनाचा विचार मंडळीसच केला पाहिजे.

तर ते मन काय मागते? आमच्या मते येथे तरुणांवर रागावण्यापूर्वी थोडे थांबावे. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घरांच्या आजोबांस गावात मान खाली घालून चालावे लागे. पाणवठ्यावर दूर उभे राहावे लागे. सभेत त्यांचा शब्द कोणी ऐकत नसे. त्या घरातील नातू आज स्वतःच्या गाडीवरून, ताठ मानेने, गावाच्या मधल्या रस्त्याने जातो. गाडीची गर्जना म्हणजे पुष्कळदा एवढेच म्हणणे असते की, मी येथे आहे, माझ्याकडे पाहा. ही भूक खोटी नाही. कोणीतरी आपली दखल घ्यावी, ही भूक देवानेच मनुष्यात ठेविली आहे. पण ती ह्या अन्नाने भागत नाही. आवाज ऐकून लोक मान वळवितात खरे, पण ते गाडीकडे पाहतात. आणि गाडी दूर गेली की शिव्या देतात. ज्या म्हातारीचे बैल त्या आवाजाने बुजले, तीही पूर्वी मान खाली घालून चालणाऱ्यांतलीच असते. आपला मान दुसऱ्या दुर्बळाच्या भयावर उभारला, तर जुन्या पाटलाच्या मानात आणि ह्या मानात भेद तो काय राहिला? ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, त्याला देवाने नावाने हाक मारिली आहे. त्याहून मोठी दखल जगात नाही. हे त्या मुलास रागाने नव्हे, प्रेमाने, आणि एकदा नव्हे, पुष्कळदा सांगितले पाहिजे. आणि मंडळीच्या कामात त्याला खरोखर जागा दिली पाहिजे. ज्याला सभेत कोणी काम सांगत नाही, तो रस्त्यावर आवाज करितो, ह्यात नवल नाही.

आता आईबापांकडे वळू. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने प्रथमच कोणास हुंदडून मारिले तर धनी निर्दोष ठरे. पण बैल मारका आहे हे ठाऊक असून, बजावले असूनही, त्याने तो बांधून ठेविला नाही, तर दोष धन्याचा. आपल्या देशाच्या २०१९ च्या दुरुस्तीत हेच तत्त्व आले आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपणास हे माहीत नव्हते, अथवा आपण सर्व काळजी घेतली होती, हे पालकास सिद्ध करून दाखवावे लागते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव परदेशी मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा, एका युवकाचा व एका युवतीचा, प्राण घेतला. त्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा देशभर संताप उसळला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आम्हांस त्या घटनेत पुणेकर श्रीमंताची कथा दिसत नाही, तर घरोघरची कथा दिसते. मोटारीच्या जागी फटफटी घाला, शहराच्या जागी खेडे घाला. किल्ली मागणारा मुलगा व नाही म्हणू न शकणारा बाप तेच आहेत. दावीद राजाने आपला पुत्र अदोनीया ह्याला, तू असे का केलेस, असे विचारून कधी दुखविले नाही, अशी नोंद राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. आणि तो अदोनीया रथ, स्वार व पुढे धावणारी पन्नास माणसे घेऊन मिरवू लागला. त्याचा शेवट कसा झाला, हे वाचकांस ठाऊक आहे. मुलास न दुखविणे म्हणजे प्रीती, असा समज त्या राजघराण्यासही महाग पडला.

मिस्त्रीचे काम करणाऱ्या आपल्या बंधूंसही एक शब्द सांगणे अवश्य आहे. गिऱ्हाईक म्हणते, नळी बदलून दे. पैसे रोख आहेत. तू नाही दिलेस तर दुसरा देईल. ह्यातील शेवटचे वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच कठीण आहे. नाही म्हटल्याने अपघात टळेलच असे नाही. पण ज्या हातांनी प्रभुभोजनाची भाकर घ्यावयाची, त्या हातांनी शेजाऱ्याच्या मार्गात अडखळण ठेवू नये. एवढ्या एका नकाराने दिवसाची मजुरी बुडत असेल, तर मंडळीने आपल्या साऱ्या गाड्या दुरुस्तीस त्याच्याकडे न्याव्या, म्हणजे त्याच्या विवेकाचा सारा भार त्याच्या चुलीवर पडणार नाही.

तर मग मंडळीने काय करावे? आपला कायदा नव्या चालकास वेगळी बंधने फारशी घालीत नाही, हे वर सांगितले. कायद्याची रेघ व शेजाऱ्याची सुरक्षितता ह्यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, ती प्रीतीने भरावयाची असते. दूरच्या राष्ट्रांत जे सरकार करविते, ते आपल्या घरांत आईबाप, वडील व स्वतः मुलगा मिळून ठरवू शकतात. परवाना मिळाल्यापासून पहिले वर्षभर गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवावी. शक्यतो दिवसाच चालवावी. मागे बसवावयाचे तर जाणत्या मनुष्यास बसवावे, सोबत्यांचा जमाव करू नये. टोपावाचून किल्ली हाती घेऊ नये. वर्ष नीट गेले, तर बापाने उघडपणे, मंडळीच्या देखत, मुलावर विश्वास टाकावा. कारण थोडक्यात विश्वासू राहिला त्याच्यावर पुष्कळाचा कारभार सोपवावा, हा प्रभूचाच क्रम आहे. आणि उपदेशक बंधूंनी हा नियम प्रथम आपल्या गाडीस लावावा. उपासनेस उशीर झाला म्हणून फटफटीवर तिघे बसून येणारा उपदेशक ह्या विषयावर कितीही चांगले बोलला, तरी त्याचा संदेश रस्त्यावरच होऊन गेलेला असतो.

विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, यरुशलेमेच्या राखेवर बसून लिहिणारा मनुष्य म्हणतो की, तरुणपणी जू वाहणे मनुष्याच्या हिताचे आहे. ज्या नगरीने कोणतेच जू मानले नाही, तिचा नाश डोळ्यांनी पाहून तो हे बोलत आहे. आपल्या मुलांनी हे शहाणपण इतक्या मोलाने विकत घेऊ नये, म्हणून आज थोडे जू त्यांच्या मानेवर ठेवावयाचे आहे. ते हलके आहे. थोड्या काळाचे आहे. आणि दुसऱ्या बाजूस जुना बैल म्हणून आपण स्वतः जुंपलेले असलो, तर त्यांस ते जाचणारही नाही. ज्या प्रभूने आपले जू सोयीचे आहे असे सांगितले, तो आपल्या मुलामुलींस शहाणे हात देवो, आणि रानातील प्रत्येक वाटेने, आपल्या व परक्याच्याही लेकरांस, दिवस मावळण्यापूर्वी सुखरूप घरी आणो.